फणसाच्या चिकाने झांजिबारला

झांजिबारला तुम्ही कशाने गेलात, असं लोक मला अजून विचारतात. बोटीने, असं उत्तर त्यांना हवं असतं आणि ते खोटंही नाही. पण खरं सांगायचं तर मी झांजिबारला फणसाच्या चिकाने गेले. बोट नंतर आली.

आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमची वाडी. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते, आणि आमच्याकडे वीज नव्हती. मी दहा वर्षांची होते. धाकटी बहीण कुसुम सहा वर्षांची आणि पहिल्या नंबरची चहाडखोर. बाबा झांजिबारात एका लवंगांच्या व्यापाऱ्याचं गुदाम सांभाळायचे आणि तीन वर्षांनी एकदा घरी यायचे. घरात आई, आम्ही दोघी आणि आते. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. माड, गाय, भाताचा तुकडा, देवाजवळचा दिवा, सगळं तिच्या हाताखाली चालायचं.

त्या वर्षी वैशाखात बाबा आले ते ठरवूनच, की या खेपेला बिऱ्हाड घेऊन जायचं. मी उड्या मारत साऱ्या वाडीला सांगून आले. घरी परतले तर बाबा आईला म्हणत होते, "दोघी चेडवां न्हेली तर आते एकटी पडतली. एक हय रवूक व्हयी. मंजू थोरली, तिका ठेवया. पाणी भरीत, कागद वाचून दाखयत."

मंजू म्हणजे मी. म्हणजे कुसुम, जिला नीट शेंबूडही पुसता येत नव्हता, ती समुद्र ओलांडणार आणि मी विहिरीवरून पाणी आणणार. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे घरात जेवले नाही, शेजारी जेवले. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "बरां तर. देवाक इचारूया. देव सांगात तसां."

आमच्याकडे मोठा प्रश्न पडला की देवाला विचारतात. रवळनाथाची काळ्या दगडाची उभी मूर्ती आहे. बाळगो गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली तगरीची एकेक कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे टक लावून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. कौल झाला की वाद संपला, मग कोर्टकचेरी नाही की रडारड नाही.

मी विचार केला, देवाला एवढी कामं, माझ्यासारखीच्या प्रश्नाकडे त्याचं लक्ष असेलच असं नाही. त्याला थोडी मदत करावी.

परसातल्या फणसाला कोयतीने टोचा मारला की पांढरा चीक येतो. पाखरं पकडायला पोरं तोच वापरतात. चीक हाताला लागला की दोन दिवस जात नाही, म्हणून आधी बोटांना भरपूर खोबरेल चोपडायचं, हे आमच्याकडे रांगतं मूलही जाणतं. मी तेल चोपडलं, करवंटीत चीक घेतला आणि भर दुपारी, बाळगो गुरव सभामंडपात घोरत असताना, गाभाऱ्यात शिरले. मुलींनी तिथे पाऊल टाकायचं नाही. पण मी पाऊल कुठे टाकलं? मी पाण्याचं घंगाळ पालथं घातलं आणि त्याच्यावर चढले. देवाच्या डाव्या खांद्याला चिकाचं बोट लावलं. आता डावी कळी पडणार नाही, म्हणजे पडली तर उजवीच पडेल. दहा वर्षांच्या पोरीच्या मानाने बेत चांगला होता.

बाहेर आले तर पायरीवर कुसुम बसलेली. करवंटीकडे बघून म्हणाली, "माका खाजो व्हयो."

खाजो म्हणजे गुळात घोळवलेला खाऊ. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं माझ्या वाट्याचा निम्मा खाऊ तिच्या पोटात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लागला. आते सगळ्यात पुढे, पदर डोक्यावरून घेऊन, हात जोडून उभी. बाळगोने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा रवळनाथा, ह्यो तुझो लेक कुटुंब घेवन समुद्रापलीकडे जाता. तेच्या थोरल्या चेडवाक वांगडा व्हरूची तुझी मर्जी आसली तर उजवो दी, नसली तर डावो दी!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मला ते बघवेना. मी डोळे घट्ट मिटून घेतले. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग एकदम कालवा झाला, "उजवो! उजवो दिल्यान!"

डोळे उघडले तेव्हा बाबा हसत होते. आतेने देवाला नमस्कार केला आणि वळून माझ्या गालाला हात लावला. "जा गो बाये. देवान सांगल्यान मां, मगे जा," एवढंच म्हणाली आणि गाईला वैरण घालायला घरी गेली. मला जो आनंद व्हायला हवा होता तो नेमका तेव्हाच कुठेतरी अडकला.

मालवण बंदर

आगबोट मालवणच्या धक्क्याला लागायची नाही. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या असं सगळं पडावात घालून तिच्यापर्यंत न्यायचे. आते बंदरावर आली होती. तिने माझ्या हातात खाज्याची पुडी दिली. कुसुमचा डोळा त्याच पुडीवर. "कागद धाड," आते म्हणाली. "वाचतलो कोण ता मी बगतंय. तू धाड."

पडाव डुलायला लागला. मी आतेला हात दाखवायला उभी राहिले, खलाशी ओरडला, मी दचकून बसले, आणि माझ्या डाव्या पायातली वहाण पाण्यात. नवीकोरी, मालवणच्या बाजारातून प्रवासासाठी घेतलेली. ती दोन लाटांवर तरंगली आणि बुडाली.

"झाली सुरवात," आई म्हणाली. ती वहाणेबद्दल बोलत होती. मला मात्र वाटलं, तिला सगळं कळलंय. रवळनाथाने वसुली सुरू केली होती. डाव्या खांद्याला चीक लावला, डाव्या पायातली वहाण गेली. हिशोब चोख होता.

मुंबईबद्दल मी काही लिहीत नाही. तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे आणि मला तिथलं फक्त एक आठवतं: आफ्रिकेला जाणाऱ्यांना सुई टोचून घ्यावी लागायची. कुसुमचा दंड तसाच राहिला, माझा नारळाएवढा सुजला. मी डॉक्टरला दोष दिला नाही. दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं.

मोठी बोट

मुंबईहून निघालेली बोट आमच्या आगबोटीच्या दसपट मोठी. आमची जागा डेकवर होती. एकेका कुटुंबाने सतरंजी पसरून आपापलं राज्य मांडलेलं. आमच्या उजवीकडे पोरबंदरचं एक गुजराथी कुटुंब होतं. त्यांच्याकडे डबेच्या डबे भरून थेपले आणि छुंदा. त्यांची आजी मला रोज एक थेपला द्यायची आणि कुसुमला दोन, कारण कुसुम तिच्याकडे बघून गोड हसायची. मला असं हसता येत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने आपला डबा उघडला. त्यात वर्षभराची बेगमी होती: सुकट आणि सुके बांगडे, मिठाने खडखडीत झालेले. झांजिबारात मासे मिळतात असं बाबांनी हजारदा सांगितलं होतं, पण आईचा परदेशच्या माशांवर भरवसा नव्हता. झाकण निघालं मात्र, गुजराथी आजींनी पदर नाकाला लावला. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. मग दहा मिनिटांत आमच्या भोवतालचा डेक मोकळा झाला. एक गोरा अधिकारी येऊन नाक वर करून फिरू लागला. त्याची खात्री होती की कुठेतरी उंदीर मेलाय. त्याने दोन खलाशांना दोरखंडाची वेटोळी उलटी करायला लावली. आई डब्यावर बसून राहिली आणि दूरच्या क्षितिजाकडे असं बघू लागली, की जणू तिचा जन्म शाकाहारी घरात झाला होता.

त्याच्यामागोमाग एक स्टुअर्ड आला. पांढरा कोट घातलेला, केस तेल लावून चपटे केलेले. तोही नाक वर करून हुंगत होता, पण चेहरा वेगळा होता. तो थेट आईसमोर येऊन उभा राहिला.

"बाये," तो हळूच म्हणाला, "म्हज्या आवयच्या रांदणीचो वास आयलो."

तो गोव्याचा मिंगेल. घर सोडून सात वर्षं झाली होती त्याला, आणि सुक्या बांगड्यांत त्याला स्वतःच्या आईची चूल सापडली होती. आईने डबा उघडून त्याला चार बांगडे दिले. त्याने ते कागदात गुंडाळून कोटाच्या आत ठेवले आणि संध्याकाळी आमच्यासाठी वरच्या वर्गातलं गोड काहीतरी घेऊन आला. थरथर कापणारं, पिवळं. गुजराथी आजी म्हणाल्या त्यात अंडं आहे, आणि त्यांनी स्वतःचं तोंड फिरवून घेतलं. आमच्यासाठी चांगलंच झालं.

पाचव्या दिवशी समुद्राने रंग बदलला. पाऊस आमच्या मागे लागला होता. बोट एका बाजूला इतकी कलायची की ट्रंका सरकत गुजराथ्यांच्या हद्दीत जायच्या आणि परत यायच्या. सगळे आडवे. आई, बाबा, आजी, सगळे डोळे मिटून पडलेले. मी एकटी उठून बसले होते, कारण मला माहीत होतं हे काय चाललंय. रवळनाथाने वहाण घेतली, दंड सुजवला, त्याने भागलं नाही, आता तो बोटीवरच आला.

मी हात जोडले. म्हटलं, "रवळनाथा, चूक माझी आहे. बोट बुडवू नको. यात गुजराथी आजी आहे, मिंगेल आहे, आई आहे. यांनी काही केलेलं नाही. परत आले की आतेला सगळं खरं सांगेन." कुसुमचं नाव घ्यावं की नाही यावर मी थोडा विचार केला. मग तेही घेतलं.

"काय पुटपुटतंस?" कुसुमने डोळा उघडून विचारलं. "खाजो दी. नायतर बाबांक सांगतंय."

देवापेक्षा कुसुम वरचढ होती. देवाने दुसऱ्या दिवशी समुद्र शांत केला. कुसुमने पुडी संपवल्यावरच माझा पिच्छा सोडला.

पृथ्वीच्या मधोमध

मिंगेल सांगत आला की आज बोट विषुववृत्त ओलांडणार. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर ती तांबडी रेघ मी पाहिली होती. मी सकाळपासून कठड्याला लटकून बसले. रेघ काही दिसली नाही, पाणी होतं तसंच निळं. माझ्या हातात उरलेली उजवी वहाण होती. आई रोज म्हणायची, एका वहाणेचं काय लोणचं घालायचंय, फेकून दे. मालवणपासून मी ती उगाच सांभाळत आले होते. पृथ्वीचा बरोबर मधला भाग आला असं मिंगेलने सांगितल्यावर मी ती टाकून दिली. डावी मी देवाला दिलेली नव्हती, ती त्याने घेतली. उजवी माझ्या हाताने दिली. मला जरा बरं वाटलं.

वाटेत सेशेल नावाच्या बेटावर बोट थांबली. तिथे जोडनारळ होतात, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. एक विकणारा ते घेऊन होडीतून आला. आईने तो नारळ बघितला आणि झटकन आमच्या दोघींच्या डोळ्यांवर हात ठेवले. त्या नारळाचा आकार बाईच्या उघड्या कमरेसारखा होता, हे मला वीस वर्षांनी कळलं.

झांजिबार

एवढा समुद्र ओलांडून, एवढी वाट बघून, जग बघायचं म्हणून गेलो आणि बंदरावर उतरून वर पाहिलं, तर माड. जिकडे बघावं तिकडे माड. आई म्हणाली, "ह्यां बगूक इतक्या लांब इलंव?"

पण गाव मात्र वेगळं होतं. उंच पांढरी दगडी घरं, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी छत्री घेऊन आलं तर दोघांपैकी एकाने मागे सरायचं. दारं मोठमोठी, नक्षीची, वर पितळेचे टोकदार खिळे. बाबा म्हणाले हत्तींनी धडक देऊ नये म्हणून. त्या गल्लीत हत्ती शिरला असता तर तो धडक द्यायच्या आधी अडकून बसला असता, पण बाबांना असलं बोललेलं आवडायचं नाही. लवंगांच्या दिवसांत चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असत, आपल्याकडे अंगणात आमसुलं घालतात तशा. आठ दिवसांत आमचे कपडे, केस, पावसुद्धा लवंगेचा वास मारू लागला. घरी असताना सर्दी झाली की आते जी एक लवंग जपून काढायची, तिच्यावर इथे आम्ही पाय देऊन चालत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर सलमाबीबी राहायची. साठीची, ठेंगणी, बाहेर पडताना काळ्या कपड्यात पूर्ण गुंडाळलेली आणि घरात खळखळून हसणारी. तिला मराठी येत नव्हतं, आईला स्वाहिली येत नव्हती. पहिल्याच दिवशी आईने तिला एका बुटक्या लाकडी घोडीवर बसून, पुढे आलेल्या लोखंडी जिभेवर नारळ खवताना पाहिलं आणि ती धावतच वर आली.

"मंजू गो! ही आपली खवणी आसा!"

त्यानंतर त्यांना भाषेची गरज पडली नाही. सलमाबीबी नारळाच्या रसात भात शिजवायची, नारळाच्या रसात मासे शिजवायची. आईने एकदा तिला बांगड्याची तिरफळं घातलेली कढी दिली. तिरफळ चघळायचं नसतं, बाजूला काढायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं. बीबीने चार तिरफळं मजेत चावून खाल्ली. मग एकदम थांबली. जीभ बाहेर काढून तिला बोट लावून बघू लागली. जीभ बधिर झाली होती. तिला वाटलं तिच्यावर विषप्रयोग झालाय. ती ओरडली, तिची सून धावली, शेजारी जमले. आईने सगळ्यांच्या देखत एक तिरफळ तोंडात टाकून चावलं आणि तीही जीभ बाहेर काढून उभी राहिली. दोघी समोरासमोर, जीभ बाहेर. मग जे हसू फुटलं ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

मी नाही हसले फार. कारण आम्ही पोचलो त्याच आठवड्यात बीबी आमच्याकडे भेट घेऊन आली होती. दोन्ही हातांत धरलेलं, हिरवं, काटेरी.

"फेनेसी," ती म्हणाली.

फणस! सात समुद्र ओलांडून तो माझ्या मागे आला होता, नाव जरासं बदलून. बीबी जमिनीवर बसली, सुरी घेतली आणि आधी तेलाची बाटली मागितली. तळहाताला, बोटांना खोबरेल चोपडलं, अगदी आमच्याचसारखं. मग फणस कापला. चीक तिच्या बोटांवरून घरंगळून खाली पडत होता, कुठे चिकटत नव्हता. मी बघत राहिले, पण तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भीतीने डोकं चालत नाही. मी पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि माझ्या वाट्याचे गरे कुसुमने खाल्ले. नेहमीप्रमाणे.

आतेला मी दर महिन्याला कागद लिहायचे. बोटीबद्दल, मिंगेलबद्दल, बीबीच्या जिभेबद्दल. एक गोष्ट सोडून सगळं. उत्तरं बाळगो गुरव लिहायचा, कारण वाडीत सुवाच्य अक्षर त्याचं. आते बोलायची मालवणी आणि बाळगो ते कचेरीच्या भाषेत उतरवायचा. "इकडील सर्व क्षेम. गाय व्याली, कालवड झाली. यंदा माडांस बरा बहर." आणि एका कागदाच्या शेवटी, पावसाळ्यातल्या: "सायंकाळी दिवाबत्तीनंतर संभाषणास कोणी नाही, इतकेच."

बाबांनी तो कागद मोठ्याने वाचला आणि बाळगोच्या भाषेला हसले. मी उठून गच्चीवर गेले. आते काय म्हणाली असेल ते मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं: "सांजेचो दिवो लावलंय काय बोलूक कोण नाय." ती देवाचं मानून गप्प बसली होती. आणि देव काहीच बोलला नव्हता, बोलला होता तो माझा चीक. त्या संध्याकाळी मी खूप रडले.

परत

या खेपेला बाबांना दोन वर्षांनीच सुट्टी मिळाली. पडावातून उतरताना मी या वेळी दोन्ही वहाणा हातात धरल्या होत्या. आते बंदरावर उभी. तेच लुगडं, केस थोडे जास्त पांढरे. तिने आम्हाला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "थंय माशे गावतत मां गो बरे?"

मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी आते मागच्या पडवीत फणस कापायला बसली, आणि मग मात्र राहवेना. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. घंगाळ, करवंटी, चीक, डावा खांदा. बोलताना माझं नाक वाहत होतं.

आते सुरी खाली ठेवून ऐकत होती. रागावली नाही. म्हणाली, "खयच्या खांद्याक लावलंस?"

"डाव्या."

"दाखय बगू." ती ताठ बसली, एक हात वर धरून, तलवार घेतलेल्या रवळनाथासारखी. "मी देव. आता चीक लाव."

मी समोर उभी राहिले आणि माझ्या डाव्या हाताच्या बाजूला तिचा खांदा होता, त्याच्यावर बोट ठेवलं.

आतेने त्या खांद्याकडे पाहिलं. मग त्या खांद्याखालचा हात वर करून माझ्यासमोर हलवला. "ह्या हातान मी जेवतंय," ती म्हणाली. "ह्यो माझो उजवो."

देव माझ्याकडे तोंड करून उभा होता. माझं डावं ते त्याचं उजवं. म्हणजे चीक मी होकाराच्या खांद्याला लावला होता. जी कळी पडायला हवी होती तीच मी चिकटवून ठेवली होती, आणि तरी तीच पडली.

"पण पडली कशी?" मी विचारलं.

"हाताक काय लावलेलंस? चीक लागाचो नाय म्हणान?"

"तेल."

आतेने स्वतःच्या तेलकट बोटांकडे पाहिलं. फणसाचा चीक त्यांवरून ओघळत होता. आणि मग ती हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं. "तेलार कळी खंय रवतली गो! तू चीक नाय लावलंस, तू देवाक तेल लावन घसरगुंडी केलंस!"

हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत ती म्हणाली, "मंजू, तुका एक सांगतंय. कोणाक सांगा नको. त्या दिवशी सगळी उजवो मागी होती. मी मनात डावो मागी होतंय. तू रवाचंस म्हणान. मगे दोन वर्सां माका वाटत रवला, देवान माझा ऐकूक नाय, कायतरी माझाच चुकला आसतला."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही दोघींनी एकाच कौलात देवाला आपापल्या बाजूला ओढायला बघितलं होतं, आणि दोघीही दोन वर्षं त्याला घाबरत राहिलो होतो. गरे बाजूला तसेच पडले होते. कुसुम आली आणि तिने खायला सुरुवात केली.

सुट्टी संपत आली तसा बाबांनी विषय काढला. आतेने आमच्याबरोबर यावं. गाय आणि कालवड बाळगोची बायको बघेल, सांजेचा दिवाही लावील. आते नको नको म्हणाली. तिने कुडाळच्या बाजारापलीकडे काही पाहिलं नव्हतं. भावकीतल्या थोरल्यांनीही तोंड वाकडं केलं: घर बंद करून जायचं, तेही बाईमाणसाने, या वयात? मूळ घराला कुलूप लावायचं तर देवाची परवानगी हवी.

"बरां," आते म्हणाली. "देवाक इचारूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात जमलो. ऊन नुकतंच दारातून आत आलं होतं आणि थेट मूर्तीवर पडलं होतं. मी या वेळी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. देवाकडे पाहिलं आणि कुसुमने माझा हात जोरात दाबला. तिलाही दिसलं होतं. देवाचा उजवा खांदा, खरा उजवा, समईच्या पितळेसारखा चकाकत होता.

मी आतेकडे पाहिलं. ती पदर घेऊन, मान खाली घालून, हात जोडून उभी होती. तिच्या अंगठ्यावरून एक तेलाचा थेंब मनगटाकडे ओघळत होता. मी खिशातला सगळा खाजा काढून कुसुमच्या हातात दिला.

बाळगोने पाण्यात बुडवून कळ्या लावल्या. उजवी लावताना त्याचं बोट जरा थांबलं. त्याने खांद्याकडे पाहिलं, मग वळून आतेकडे पाहिलं. चाळीस वर्षं तो या घराला ओळखत होता. तो खाकरला आणि गाऱ्हाणं घालू लागला: "बा देवा रवळनाथा, ही तुझी लेक इतकी वर्सां तुझो दिवो..."

टप. उजवी कळी खाली पडली. गाऱ्हाण्यातला प्रश्न अजून विचारलाही नव्हता.

बाळगोने कळी उचलून तळहातावर घेतली आणि गंभीरपणे म्हणाला, "देवाक आज घाई दिसता."

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज आतेचा होता.